पाणी आत घेणारे जहाज: विज्ञान प्रदर्शनासाठी ‘जलाश्व’ची चालती प्रतिकृती कशी करावी

तालुका पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनात जहाजांच्या प्रतिकृती दरवर्षी येतात. त्यांपैकी बहुतेक रंगवलेल्या असतात, टेबलावर शोभतात आणि पाण्यात कधी उतरत नाहीत. सैनिक, वाहने आणि नौका वाहून नेणाऱ्या उभयचर वाहतूक जहाजाची प्रतिकृती मात्र कोरडी ठेवून चालत नाही, कारण त्या जहाजाचे सारे कसब मुद्दाम पाणी आत घेण्यात आणि काम झाल्यावर ते बाहेर घालवण्यात आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर भागातल्या शाळांना त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही. जवळच्या मालगुजारी तलावाचा उथळ काठ पुरेसा आहे.

नमुना म्हणून भारतीय नौदलाचे ‘जलाश्व’ घ्यावे. हे जहाज १९७१ मध्ये ‘ट्रेंटन’ या नावाने अमेरिकी नौदलात दाखल झाले आणि २२ जून २००७ पासून भारताच्या सेवेत आहे. त्याची लांबी सुमारे १७४ मीटर आणि पाण्याच्या पातळीवरची रुंदी साधारण २५.६ मीटर असून भरलेल्या अवस्थेत त्याचा सुमारे ७ मीटर भाग पाण्याखाली असतो. मागच्या भागात पोटातच सुमारे ५१ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असा हौद आहे, त्याला वेल डेक म्हणतात. या हौदाच्या छतावर हेलिकॉप्टर उतरतात, पुढच्या भागात वाहनांचे मजले आणि सुमारे एक हजार सैनिकांच्या राहण्याची व्यवस्था असते.

हे जहाज स्वतः किनाऱ्याला लागत नाही. ‘मगर’ किंवा ‘शार्दूल’ या वर्गांतली जहाजे नाक वाळूवर टेकवतात आणि पुढचे दार उघडून रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवतात. ‘जलाश्व’ खोल पाण्यात थांबून हौदात पाणी घेते आणि त्यातून लहान लँडिंग क्राफ्ट, म्हणजे थेट किनाऱ्याला लागणाऱ्या नौका, सोडते. जिथे धक्का नाही किंवा वादळाने तो मोडला आहे, तिथेही माणसे आणि सामान पोहोचवता येते ते यामुळेच. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता कसा बंद होतो हे आपल्या मुलांना ठाऊक असते, त्यामुळे या क्षमतेचे मोल त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणण्याच्या ‘समुद्र सेतू’ मोहिमेत याच जहाजाने मालदीवमधून ६९८ भारतीयांना कोचीला आणले, हे फलकावर अवश्य लिहावे.

प्रमाण १ : २०० घ्यावे. त्यामुळे लांबी ८७ सेंटिमीटर, रुंदी १३ सेंटिमीटर आणि पाण्याखालचा भाग ३.५ सेंटिमीटर येतो. वजनाचे गणित मुलांकडूनच करून घ्यावे, कारण लांबी २०० पट कमी केली की वजन २०० च्या घनाने, म्हणजे ८० लाख पटींनी कमी होते, ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही. भरलेल्या जहाजाचे विस्थापन, म्हणजे त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे आणि तेवढेच जहाजाचे वजन, सुमारे १६,९०० टन, म्हणजे १ कोटी ६९ लाख किलो आहे. त्याला ८० लाखांनी भागले की २.१ किलो उरतात. खऱ्या जहाजाचे बूड पुढे निमुळते आणि कडांना गोलसर असते. मुलांनी कापलेले बूड बहुधा अधिक भरीव होते आणि मग ३.५ सेंटिमीटरच्या रेघेपर्यंत बुडायला अडीच-तीन किलोही लागतात. अशा वेळी वजनाचा आग्रह सोडून रेघ सांभाळावी.

बूड थर्माकोलचे करावे. थर्माकोलला फेविक्विक किंवा ऑइलपेंट थेट लावू नये, दोन्हींमुळे तो विरघळून खड्डे पडतात. आधी फेविकॉलने जुन्या वर्तमानपत्राचे तीन-चार थर चिकटवावेत, ते दोन दिवस सावलीत वाळू द्यावेत आणि मग त्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. बाजूच्या भिंती तळापासून ८ ते ९ सेंटिमीटर उंच ठेवाव्यात.

मागच्या टोकाकडून आत २५ सेंटिमीटर लांब आणि ७.५ सेंटिमीटर रुंद असा हौद कापावा. त्याच्या दोन्ही बाजूंना पावणेतीन सेंटिमीटर जाडीच्या भिंती उरतील. त्या पातळ करून हौद मोठा करण्याचा मोह मुलांना होतोच, तो ठामपणे टाळावा. हौदात पाणी शिरल्यावर जहाजाला सरळ उभे ठेवण्यात या भिंतींचा मोठा वाटा असतो. जहाज कलंडू न देण्याची ताकद पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असते, आणि मधला भाग पाण्याने गेला तरी कडेच्या भिंती ती रुंदी राखून ठेवतात. हौद मधल्या ७.५ सेंटिमीटरपुरता ठेवला तर त्या २५ सेंटिमीटर लांबीतली जेमतेम पाचवा हिस्सा ताकद कमी होते. तोच भिंतींशिवाय पूर्ण १३ सेंटिमीटर रुंद ठेवला असता, तर त्या लांबीतली सगळीच गेली असती. पाहणाऱ्याची नजर आतल्या नौकांकडे जाते, पण रचनेतली खरी हुशारी या दोन भिंतींत आहे असे मी मानतो.

हौदाची फरशी तळापासून ४ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे नेहमीच्या पाण्याच्या रेघेच्या अर्धा सेंटिमीटर वर असावी. तिच्याखाली बॅलास्ट टाक्या, म्हणजे पाणी भरून जहाज खाली बसवण्याच्या टाक्या, बसतील. पत्र्याच्या पेट्या आणि चाळण्या करणाऱ्या गावातल्या कारागिराकडून २५ सेंटिमीटर लांब, साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर उंच अशा दोन बंद टाक्या डाग देऊन, म्हणजे सोल्डरने सांधून, करून घ्याव्यात. प्रत्येक टाकीत पाव लिटरहून थोडे अधिक पाणी मावते. टाकीच्या तळाला करंगळी जाईल एवढे भोक ठेवून ते जहाजाच्या बुडातून थेट तलावात उघडावे. टाकीच्या वरच्या बाजूला एक बारीक नळी बसवावी. मेडिकलच्या दुकानातून आणलेला नवा सलाइन सेट यासाठी उत्तम, कारण त्याच्या नळीवर अंगठ्याने फिरवायची चाकी असते आणि तीच आपली हवेची झडप होते. वापरलेला सेट कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

काम कसे चालते ते आता सहज दिसेल. चाकी बंद असताना टाकीतली हवा अडकून राहते, म्हणून खालचे भोक उघडे असूनही पाणी आत येत नाही. चाकी उघडली की हवा नळीवाटे निघून जाते, पाणी खालून चढते आणि जहाजाचा मागचा भाग हळूहळू खाली बसतो. पाणी काढायचे झाले तर नळीला ५० मिलिलिटरची सिरिंज लावून हवा आत दाबावी, पाणी आलेल्या वाटेने निघून जाते. सिरिंज पुन्हा भरण्यासाठी काढताना चाकी बंद ठेवावी. प्रत्यक्ष जहाजावर हेच काम दाबाची हवा किंवा मोठे पंप करतात आणि समुद्राकडच्या झडपाही वेगळ्या असतात.

एकच रुंद टाकी केली तर पत्रा आणि डाग दोन्ही वाचतील असे कारागीर सुचवेल. ते ऐकू नये. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी जहाज कलले की त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. हा परिणामही टाकीच्या रुंदीच्या घनाने वाढतो, म्हणून रुंद टाकीच्या मधोमध उभा पडदा घातला की प्रत्येक भागातला परिणाम आठव्या हिश्श्यावर आणि दोन्ही मिळून चौथ्या हिश्श्यावर येतो. तलावात डोंगा हाकणाऱ्या ढिवराला ही गोष्ट पुस्तकाशिवाय माहीत असते. डोंग्यात साचलेले पाणी तो वेळोवेळी उपसतो, कारण त्याला वजनापेक्षा त्या पाण्याच्या धावण्याची धास्ती असते.

मागचे दार टिनाच्या तुकड्याचे करून खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने जोडावे, म्हणजे ते मागे आडवे पडते. लँडिंग क्राफ्ट ११.२ सेंटिमीटर लांब आणि ३.२ सेंटिमीटर रुंद कापावेत. ‘जलाश्व’मधली खरी लँडिंग क्राफ्ट, एलसीएम-८ नौका, साडेबावीस मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद असते. अशा चार नौका, दोन शेजारी आणि दोन मागे, हौदात नेमक्या बसतात. खऱ्या जहाजातही इतक्याच बसतात, आणि चौथी नौका आत सरकली की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. वरचा हेलिकॉप्टरचा मजला उचलता येईल असा ठेवावा, नाहीतर परीक्षकांना आतले काही दिसणार नाही.

वजनासाठी लोखंडी नट-बोल्ट वापरावेत आणि ते तळाशी, बहुतांश पुढच्या भागात ठेवावेत. सगळ्याचा गुरुत्वमध्य तळापासून ५ सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. मोजण्याची सोय नसेल तर पाण्यात ठेवून एक कड बोटाने सेंटिमीटरभर दाबून सोडावी. जहाज संथपणे पण निश्चित सरळ झाले तर ठीक. रेंगाळत परतले तर वजन अजून खाली न्यावे.

पहिली चाचणी शाळेतल्या मोठ्या टबात घ्यावी आणि तलावावर नंतर जावे. दिवाळीनंतर पाणी थोडे उतरते, गाळपेराची सपाट जमीन उघडी पडू लागते आणि काठाचा उतार मंद मिळतो. बेशरमाची झुडपे आणि शिंगाड्याचे वेल नसलेली जागा निवडावी. सकाळी वारा पडलेला असताना जावे, मुलांनी घोटाभर पाण्यापुढे जाऊ नये आणि एक मोठे माणूस पूर्णवेळ पाण्यात उभे असावे.

प्रात्यक्षिकाचा क्रम असा ठेवावा. आधी मागचे दार पाडावे, मग दोन्ही चाक्या एकदम उघडाव्यात. दाराशी दीड सेंटिमीटरच्या आसपास पाणी आले की चाक्या बंद कराव्यात. हौदाच्या पुढच्या टोकाला पाणी कमी असते, म्हणून दाराजवळची नौका आधी तरंगते, ती दोऱ्याने ओढून बाहेर घ्यावी. दुसऱ्या फेरीत मुद्दाम फक्त डावी चाकी उघडावी. जहाज डावीकडे झुकेल, आणि उजवी उघडली की सावरेल. दोन्ही टाक्या बरोबरीने भरण्याची शिस्त का लागते, याचे उत्तर तिथेच मिळते.

परीक्षक हमखास विचारतात की जहाज किनाऱ्यापासून किती दूर थांबते. त्याचे उत्तर काठावरच मोजून ठेवावे. दोरी आणि पट्टीने उतार मोजावा. समजा तो ५० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर आला, तर ३.५ सेंटिमीटर बुडालेली प्रतिकृती काठापासून पावणेदोन मीटरवर तळाला टेकते, म्हणजे तशाच उताराच्या समुद्रकिनाऱ्यावर खरे जहाज ३५० मीटरवर. टाक्या भरल्यावर मागचा भाग आणखी २ सेंटिमीटर उतरतो आणि हेच अंतर पावणेतीन मीटर, म्हणजे प्रत्यक्षात ५५० मीटर होते. त्यात लाटा आणि सुरक्षिततेची जागा धरली की जहाज याहूनही दूर थांबते. लँडिंग क्राफ्ट दीड मीटरच्या आसपास बुडते, त्यामुळे ते याच उतारावर ७५ मीटरपर्यंत आत येऊ शकते. हे आकडे फलकावर छापण्यापेक्षा मुलांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात असावेत आणि आपल्या तलावाच्या मोजलेल्या उतारावरून काढलेले असावेत.

प्रदर्शनाहून परतल्यावर दोन्ही चाक्या उघड्या ठेवून जहाज तळाची भोके खाली येतील असे दोन विटांवर ठेवावे. टाक्यांत पाणी राहिले तर डाग दिलेल्या जागी पत्रा गंजतो आणि जिल्हा पातळीवर जाण्याआधीच टाकी गळू लागते.