लेथ चालू, टेबल रिकामं: छोट्या धंद्यासाठी घरून काम करणारी सहायक कशी नेमावी

दुपारचे चार. लेथवर (धातू कातायच्या मशिनवर) जॉब लागलेला, हात तेलाने माखलेले, आणि फोनवर कस्टमर विचारतोय, "चलन टाकलं का?" म्हणजे मालासोबतचा कागद पाठवला का. पुण्याजवळच्या भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये हे रोजचंच होतं. चार मशिन, सहा माणसं आणि ऑफिस म्हणजे कोपऱ्यातलं एक टेबल. पूर्णवेळ क्लार्क ठेवायचा तर पगार परवडत नाही, आणि परवडला तरी त्याला आठ तास पुरेल एवढं काम नाही.

अशा धंद्याला घरून, ठरावीक तास काम करणारं माणूस सोयीचं पडतं. व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात ते हेच. आमच्या पोरांनी त्यांचं नाव 'फोनवरच्या ताई' ठेवलंय. आतापर्यंत तिघांबरोबर काम केलं. त्यातलं दोनदा फिसकटलं, आणि दोन्ही वेळा घोळ माझा होता. म्हणून हे लिहितोय.

आधी वही

माणूस शोधायला लगेच निघू नका. दोन आठवडे एक वही टेबलावर ठेवा आणि ऑफिसचं प्रत्येक काम केल्या केल्या लिहा: काय केलं, किती मिनिटं गेली. माझ्या वहीत एका दिवसाच्या नोंदी अशा होत्या: कोटेशन मेल केलं, २० मिनिटं. जुनं पीओ (गिऱ्हाइकाची खरेदी ऑर्डर) शोधलं, ३५ मिनिटं. ट्रान्सपोर्टवाल्याला तीन फोन. एका पार्टीचं पेमेंट मागितलं, त्यांनी बिलाची कॉपी परत मागितली, ती सापडली नाही.

वही भरली की डोळे उघडतात. मला वाटायचं बिलं बनवण्यात वेळ जातो. खरा वेळ कागद शोधण्यात आणि त्याच माणसाला पुन्हा पुन्हा फोन करण्यात जात होता.

आता नोंदींवर खुणा करा. रोज तीच ती पद्धत असलेली कामं देऊन टाकायची: बिलं, चलनं, खरेदीची बिलं फोल्डरला लावणं, पेमेंटची आठवण, सीएकडे माहिती पाठवणं. दर ठरवणं, उधारी किती द्यायची हे, आणि बँकेतून पैसे पाठवणं मात्र स्वतःकडेच ठेवायचं. या यादीवर मी अजून अडून आहे. कितीही विश्वासाचं माणूस असो, यूपीआय पिन आणि ओटीपी त्याच्याकडे जाता कामा नये. स्टेटमेंट हवं असेल तर दर सोमवारी पीडीएफ काढून पाठवा.

कुठे शोधायचं

अपवर्क, फायवर, लिंक्डइनवर माणसं ढिगाने आहेत. पण मराठीतून कस्टमरशी बोलणारं आणि 'जॉबवर्कचं चलन' (कामासाठी पाठवलेल्या मालाचा कागद) म्हटल्यावर न गोंधळणारं माणूस तिथे गाळून काढावं लागतं. मला जास्त उपयोग झाला तो आपल्या सीएच्या ऑफिसचा. तिथे आधी काम केलेल्या आणि लग्न किंवा मूल झाल्यावर घरी असलेल्या बायका असतात; टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचा हात बसलेला असतो. जवळच्या एमएस-सीआयटी किंवा टायपिंग सेंटरच्या सरांनाही विचारा. नात्यातला पोरगा मात्र शक्यतो नको. चुकला तर त्याला बोलता येत नाही, आणि बोललो तर दिवाळीला घरी तोंड दाखवता येत नाही.

जाहिरात चार ओळींची पुरे. पण तास, काम आणि पैसे तिन्ही लिहा. "आकर्षक मानधन" वाचून शहाणी माणसं पुढे जातात. माझी अशी होती: "छोटं मशिन शॉप. रोज दोन तास, सकाळी १० ते १२. बिलं, चलनं, पेमेंटचा पाठपुरावा, जीएसटीची माहिती सीएकडे देणं. मराठी-हिंदी बोलणं आणि युनिकोडमध्ये मराठी टायपिंग हवं. गुरुवारी सुट्टी. महिना ८,००० रुपये." हा आकडा माझा, बाजारभाव नव्हे. आणि गुरुवार यासाठी की भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. त्या दिवशी पेमेंटला फोन केले तर उचलायला कुणी नसतं.

युनिकोडचं मुद्दाम लिहिलं. जुन्या टायपिंगवाल्यांचा हात कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टवर बसलेला असतो, आणि त्यातला मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला की नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

एक तासाची परीक्षा, पैसे देऊन

मुलाखतीत सगळेच गोड बोलतात. त्यापेक्षा दोन-तीन जणांना एकेक तासाचं खरं काम द्या आणि त्या तासाचे पैसे द्या. मी खरेदीच्या पाच बिलांचे फोटो पाठवले आणि शीटमध्ये भरायला सांगितले. त्यात मुद्दाम दोन खोड्या होत्या. एका बिलावर आपला जीएसटी नंबर १५ ऐवजी १४ अक्षरी. दुसरं बिल गुजरातच्या पुरवठादाराचं, नंबर २४ ने सुरू होणारा, माल थेट भोसरीला आलेला, तरी कर आयजीएसटीऐवजी (दुसऱ्या राज्यातून आलेल्या मालावरचा) सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातल्या विक्रीवरचा) असा लावलेला.

एकाने पाचही बिलं अर्ध्या तासात, एकही प्रश्न न विचारता भरून दिली. दुसऱ्या बाईंना पाऊण तास लागला, पण शेवटी मेसेज आला: "दादा, तिसऱ्या बिलात काहीतरी गडबड वाटते, पार्टी गुजरातची आहे ना?" त्याच आमच्या ताई.

परीक्षेचा दुसरा भाग म्हणजे उशीर करणाऱ्या गिऱ्हाइकाला मेसेज लिहिणं. ताईंनी लिहिलेला मी अजून वापरतो: "नमस्कार साहेब, बिल नं. १०७, ता. ४ जून, रु. ३८,९४०. पेमेंट कधीपर्यंत धरू? बिलात काही तफावत असेल तर कळवा, आजच दुरुस्त करून पाठवते." यात आर्जव नाही आणि दमदाटीही नाही. शिवाय 'बिलात घोळ आहे' ही पळवाट आधीच बंद केलेली.

काय ठरलं ते मेलवर

करारासाठी ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरकडे धाव घ्यायची गरज नाही. साधा मेल आणि त्यावर "मान्य आहे" असं उत्तर एवढ्याने चालतं. त्यात तास, पैसे, पैसे कोणत्या तारखेला, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, आणि ग्राहकांची माहिती बाहेर जाणार नाही, एवढं हवं. शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लोकांच्या नंबर-पत्त्यांची जबाबदारी धंदेवाल्यावर आहे. काम बाहेर दिलं म्हणून ती सुटत नाही.

एक महिना चाचणीचा ठेवा. ताई दर महिन्याला बिल देतात, मी बँकेतून पैसे पाठवतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे त्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. टीडीएसचं (पैसे देताना कापून भरायच्या कराचं) म्हणाल तर आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल १ कोटीच्या आत असलेल्या प्रोप्रायटरला (एकट्या मालकाला) सहसा अशा पैशांवर तो कापावा लागत नाही. भागीदारी किंवा कंपनी असेल तर नियम वेगळा, तेव्हा सीएला एक फोन कराच.

चाव्या कशा द्यायच्या

माझा पहिला घोळ इथला. जीमेलचा पासवर्डच देऊन टाकला होता. त्या पोराने रात्री लॉगिन करायला घेतलं, पडताळणी माझ्या फोनवर आली, मी साताऱ्याला लग्नात. दोन दिवस काम ठप्प.

पासवर्ड देण्याची गरजच नसते. जीमेलच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या खात्याला आपला मेल वाचायला आणि उत्तर द्यायला परवानगी देता येते. त्या माणसाला आपला पासवर्ड कळत नाही आणि बदलताही येत नाही. धंद्याचा व्हॉट्सॲप नंबर घरच्या नंबरपेक्षा वेगळा घ्या, कारण जोडलेल्या डिव्हाइसवर सगळ्या चॅट दिसतात. मग 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून ताईंचा लॅपटॉप जोडा. मूळ फोन चौदा दिवस उघडलाच नाही तर जोडलेले लॅपटॉप आपोआप बाहेर पडतात, एवढं लक्षात ठेवा. ई-वे बिलाच्या (माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाच्या) पोर्टलवर सब-युजर, म्हणजे हाताखालचं वेगळं लॉगिन, बनवता येतो. मूळ लॉगिन आपल्याकडेच.

दुसरा घोळ बिलनंबरचा. बिलांची एक्सेल फाइल माझ्याकडे एक आणि सहायकाकडे एक. दोघांनी एकाच दुपारी बिल केलं आणि ११८ नंबर दोन पार्ट्यांना गेला. आर्थिक वर्षात नंबर क्रमाने आणि एकदाच यावा लागतो. एका पार्टीच्या अकाउंट्सने बिल परत पाठवलं आणि पेमेंट महिनाभर लांबलं. त्या दिवसापासून एकच गुगल शीट, आणि बिल फक्त ताई करतात. मी घाईत असलो तरी नाही.

पहिला महिना

काम समजावून सांगताना स्क्रीन रेकॉर्ड करा. 'चलनावरून बिल कसं करायचं' हे सात मिनिटांचं रेकॉर्डिंग मी एकदा केलं. नंतर तोच प्रश्न पुन्हा आला नाही. रोज संध्याकाळी तीन ओळींचा मेसेज मागा: आज काय झालं, काय अडलं, उद्या काय. यापेक्षा जास्त रिपोर्ट मागितला तर तो लिहिण्यातच दोन तास संपतील.

महिन्याच्या तारखा भिंतीवर लावा. आम्ही मासिक रिटर्नवाले, म्हणून ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील), १४ ला २बी (पुरवठादारांनी चढवलेल्या आपल्या खरेदीची यादी) तयार होतं, २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न). पंधरा-सोळाला ताई २बी आणि आपली खरेदीची बिलं शेजारी ठेवून जुळवतात. ज्या पुरवठादाराने आपलं बिल चढवलेलं नाही, त्याला त्याच दिवशी फोन जातो. त्या महिन्यात तेवढं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाहीच; फोन केला नाही तर पुढच्या महिन्यातही अडकतं. हे काम मी स्वतः करत होतो तेव्हा १९ तारखेच्या रात्री करायचो.

चुका होतीलच. पहिल्याच आठवड्यात ताईंनी आधीच चेक दिलेल्या एका शेठना पेमेंटची आठवण केली. शेठ भडकले. चेक माझ्या खिशात होता आणि मी शीटमध्ये भरला नव्हता. तेव्हापासून चेक हातात आला की आधी त्याचा फोटो ताईंना, मग खिशात.

आणि माणूस काम सोडून जाईल त्या दिवसासाठी यादी आजच बनवा: जीमेलची परवानगी काढायची, व्हॉट्सॲपमधून लॅपटॉप बाहेर, ड्राइव्हचं शेअरिंग बंद, ई-वे बिलाचा सब-युजर बंद, शेवटचं पेमेंट. आमची यादी टेबलाच्या काचेखाली आहे; ताईंनीच टाइप करून दिली.