झेडपी शाळेचा मुख्याध्यापक झालात? आधी हे करा

चार्ज घेताना घाई करू नका, कितीही ओळखीचे सर असले तरी कॅशबुक, पासबुक, डेडस्टॉक (शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) आणि जनरल रजिस्टर (मुलांच्या दाखल्याची नोंदवही) स्वतः बघूनच सही करा. जनरल रजिस्टर तर जिवापाड जपा, त्यातल्या एका जन्मतारखेवर पोराचा पुढचा सगळा कागदोपत्री प्रवास अवलंबून असतो.

पोषण आहाराचा तांदूळ रोज मोजून द्या. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, आणि नोंद त्याच दिवशी करायची, उद्यावर टाकलं की स्टॉक जुळत नाही म्हणजे नाहीच. आणि रोज स्वतः चव घ्या.

शाळा व्यवस्थापन समिती नुसती कागदावर ठेवू नका हो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात, मीटिंग संध्याकाळी ठेवा, कारण दिवसा सगळे शेतावर असतात, मी पहिलं वर्ष दुपारी बोलवत राहिलो आणि दोन-तीनच जण यायचे, वेळ बदलली तेव्हा आया बोलायला लागल्या, गळकं छप्परही त्यांनीच ग्रामपंचायतीकडून करून घेतलं.

यू-डायस (शाळेची सरकारला भरून द्यायची माहिती), ऑनलाइन माहिती, व्हॉट्सॲपवर 'तात्काळ' म्हणून येणारे मेसेज, हे संपत नाही. म्हणून रोज एक तास तरी वर्गावर जाच, शक्यतो पहिलीच्या. जूनमध्ये दारात रडणारी पोरगी दिवाळीनंतर पाटीवर स्वतःचं नाव लिहून 'सर बघा ना' म्हणत ऑफिसात येते, तेव्हा हातातलं रजिस्टर बाजूला ठेवा आणि आधी तिची पाटी बघा.