पहाटेचं दूध आदल्या तारखेत: टाइम झोनचा घोळ असा सुटला

खानापूर तालुक्यातल्या एका दूध डेअरीच्या प्रोग्राममध्ये विचित्र घोळ होता. पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध आदल्या तारखेत जमा व्हायचं, पावणेसहाचं मात्र बरोबर यायचं. १ तारखेची सकाळ मागच्या बिलात गेली की शेतकरी पावती घेऊन दारात. त्यांचं बरोबरच होतं, कष्टाचा पैसा आहे.

फरक नेमका साडेपाचला पडतोय हे दिसलं आणि कारण सापडलं. डेटाबेस यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. इथे ५:१५ वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे २३:४५ असतात, आणि रिपोर्ट थेट त्याच तारखेने बेरीज करत होता.

नोंदीतच साडेपाच तास मिळवून ठेवा, असा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही; मग कुठली नोंद खरी न्‌ कुठली सरकवलेली, हे पुढे कळत नाही. नोंदी यूटीसीतच ठेवल्या. तारीख काढण्याआधी 'अ‍ॅट टाइम झोन' ही आज्ञा वापरून वेळ 'एशिया/कोलकाता'त, म्हणजे भारतीय वेळेत, बदलली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये इथे एक खड्डा आहे: वेळेचा कॉलम 'टाइमस्टँपटीझेड', म्हणजे टाइम झोन लक्षात घेणारा, असेल तरच हे असं चालतं. साध्या 'टाइमस्टँप'वर तीच आज्ञा उलट्या दिशेने जाते, म्हणून आधी कॉलमचा प्रकार बघा.

महिन्याची हद्दही बदलली: १ तारीख आता आदल्या दिवशीच्या १८:३० यूटीसीपासून धरली जाते. जुन्या नोंदींना हात लावावा लागला नाही. बिलं नव्याने काढली, राहिलेला फरक पुढच्या हप्त्यात दिला गेला.