सांधे-स्नायू दुखतात म्हणून सीबीडीचा बाम लावायचाय? आधी लेबल वाचा, मग एकाच सांध्यावर लावून बघा

सोलापुरात घरटी एकाचा तरी सांधा दुखतोच. पूर्व भागात बिडी वळणाऱ्या बायकांचे अंगठे आणि मनगटं जातात, पॉवरलूमवर दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि कंबर धरते, आणि साठीच्या पुढं गुडघे तर सगळ्यांचेच बोलायला लागतात. त्यात आता मोबाईलवर सारख्या जाहिराती, सीबीडी बाम, हेम्प ऑइल, विजया तेल, दोन दिवसात आराम वगैरे वगैरे, आणि किंमत बघितली तर एका छोट्या बाटलीला आठवड्याच्या मजुरीतला मोठा तुकडा जातो. म्हणून हे नीट लिहायचं ठरवलं. माझं मत सांगून टाकतो, वरून लावायचं सीबीडी बघायला हरकत नाही, काहींना फरक पडतो, पण ते डोळे झाकून घ्यायचं नाही, एक प्रॉडक्ट, एक सांधा आणि रोजची नोंद असं करून बघायचं आणि फरक नाही पडला तर पुढची बाटली आणायचीच नाही.

हे नक्की काय आहे

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिओल, भांगेच्या झाडातला एक घटक. नशा येते ती त्याच झाडातल्या टीएचसी नावाच्या दुसऱ्या घटकानं, सीबीडीनं नाही. कातडीवर लावल्यावर ते हळूहळू वरच्या थरांत मुरतं आणि रक्तात फार थोडं जातं, म्हणून साध्या क्रीम-बामनं डोकं जड होणं, झिंग येणं असं काही होत नाही. पॅच मिळतात ते वेगळे, ते औषध रक्तात पोचवण्यासाठीच बनवलेले असतात, त्यामुळं ते डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

आता पुरावा किती? थोडा आहे. अमेरिकेत अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्या १८ लोकांवर एक छोटा अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो छापून आला, त्यात एका मिलिलिटरला ६.२ मिलिग्रॅम सीबीडी असलेलं मलम दिवसातनं दोनदा दोन आठवडे लावलं आणि दुखणं सीबीडी नसलेल्या नुसत्या मलमापेक्षा जास्त कमी झालं, पण पकडीची ताकद आणि अंगठ्याची हालचाल मात्र होती तशीच राहिली. दुसरीकडं डेन्मार्कमध्ये हाताच्या संधिवाताच्या लोकांना १२ आठवडे पोटातनं सीबीडीच्या गोळ्या दिल्या तर औषध नसलेल्या साध्या गोळीपेक्षा काहीच फरक दिसला नाही. सांध्यातली झिजलेली गादी यानं भरून येते असं कुठंच सिद्ध झालेलं नाही, त्यामुळं "गुडघा नवा होईल" असं जो म्हणतो त्याच्याकडनं काहीच घेऊ नका. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं आजवर सीबीडीचं एकच औषध मंजूर केलंय, २०१८ मध्ये, ते फिट्ससाठी, आणि तेही पोटात घ्यायचं. सांधेदुखीसाठी एकही नाही.

विकत घेताना: बाटली उलटी करा

सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते, म्हणून इथं वेळ घालवा.

पहिलं, हेम्प सीड ऑइल म्हणजे सीबीडी तेल नव्हे. हेम्प सीड ऑइल बियांचं तेल, करडई-शेंगदाण्यासारखं घाण्यातनं काढलेलं, खायलाही चालतं, २०२१ पासून एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, त्याला खाद्यपदार्थ म्हणून परवानगी दिलीय. पण बियांमध्ये सीबीडी जवळपास नसतंच. मालिश करायला तेल चांगलंय, मग त्यासाठी तिळाचं तेल काय वाईट आहे, ते तरी स्वस्त पडतं. बाटलीवर हिरवं पान छापलंय आणि "हेम्प" लिहिलंय एवढ्यावरनं पैसे मोजू नका.

दुसरं, आकडा कशाचा आहे ते बघा. समजा ५० ग्रॅमच्या डबीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय ५०० मिलिग्रॅम. आता हे ५०० मिलिग्रॅम सीबीडी आहे का "विजया अर्क" आहे? आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात आणि आपल्याकडं बहुतेक प्रॉडक्ट त्याच नावानं येतात. अर्कात सीबीडी, टीएचसी, मेण, बाकी बरंच काही असतं, त्यामुळं ५०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे ५०० मिलिग्रॅम सीबीडी होत नाही, कितीतरी कमी असू शकतं. सीबीडीचा आकडा वेगळा दिला असेल तरच हिशोब करता येतो. ५०० भागिले ५०, म्हणजे एका ग्रॅमला १० मिलिग्रॅम, यालाच काही ठिकाणी १ टक्का लिहितात. वरच्या अभ्यासात मिलिलिटरला ६ च्या आसपास होतं, त्यामुळं ५ ते १० च्या दरम्यान असेल तर सुरुवातीला भरपूर झालं, त्याहून स्ट्राँगचे जादा पैसे देऊ नका.

तिसरं, लॅब रिपोर्ट मागा. त्यावरचा बॅच नंबर तुमच्या डबीवरच्या बॅच नंबरशी जुळला पाहिजे, तारीख असली पाहिजे, सीबीडी आणि टीएचसी दोन्हीचे आकडे असले पाहिजेत, आणि लॅब एनएबीएल मान्यतेची असेल तर उत्तम. हे मागणं काही जास्तीचं नाही हो. अमेरिकेत वरून लावायच्या शंभरेक सीबीडी प्रॉडक्टची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ज्यांच्यावर आकडा होता त्यातल्या जेमतेम चौथाई डब्यांचं लेबल बरोबर निघालं, आणि सगळ्यांतल्या साधारण एक तृतीयांशात टीएचसी सापडलं. तिकडं ही गत, तर आपण विचारायलाच पाहिजे.

चौथं, बाकीचे घटक वाचा. पेपरमिंट म्हणजे मेंथॉल, कापूर, निलगिरी, गंधपुरा (विंटरग्रीन) तेल यातलं काही ना काही बहुतेक बाममध्ये असतंच. लावल्या लावल्या जे गारगार वाटतं ते मेंथॉलचं काम, सीबीडीचं नाही. तेवढंच हवं असेल तर मेडिकलमधला साधा बामही ते देतो.

कायद्याचं थोडक्यात

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, आणि चरस, हे त्यात येतं. नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही, म्हणून पानापासनं बनवलेली आयुर्वेदिक औषधं आयुषच्या, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या सरकारी खात्याच्या, लायसन्सवर निघतात. डबीवर मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर असलाच पाहिजे. औषध कायद्यातल्या आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, त्यामुळं वैद्याला विचारून, चिठ्ठी घेऊन घेणंच बरोबर, आणि चांगले विक्रेते चिठ्ठी मागतातच. कुणी अमेरिकेतनं बॅगेत घालून आणून देतो म्हणाला तर नको म्हणा, तिकडचं बहुतेक सीबीडी फुलोऱ्यातनं काढलेलं असतं आणि त्यावरनं इथं उगाच लचांड मागं लागू शकतं.

लावायच्या आधी टेस्ट

मनगटाच्या वर आतल्या बाजूला मुगाएवढं लावा आणि २४ तास तसंच सोडा. लाल झालं, खाज आली, पुरळ आलं तर ते तुमच्यासाठी नाही, विषय संपला. खरचटलेल्या, भाजलेल्या, इसब असलेल्या जागी लावायचंच नाही. गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी यापासनं लांबच राहावं. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर गंधपुरा तेल असलेला कुठलाही बाम डॉक्टरला विचारल्याशिवाय चोळायचा नाही, त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट कातडीतनं आत जाऊन गोळीचा परिणाम वाढवू शकतं.

आता लावायचं कसं

बिडी वळणाऱ्या मावशींचं उदाहरण घेऊ. भिजवलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, दिवसाला हजारभर बिड्या, आणि प्रत्येक बिडीला अंगठ्याच्या मुळावर दाब. दुखतं तिथंच, मनगटाच्या जरा पुढं अंगठा जिथं सुरू होतो त्या खोबणीत.

काम चालू असताना लावायचं नाही. हाताला तंबाखूची धूळ असते आणि निकोटिन कातडीतनं आत जातं, त्यावर तेल चोळणं बरोबर नाही. कामाचं सूप बाजूला ठेवलं की हात साबणानं, नखांच्या कडेपर्यंत, कोमट पाण्यानं धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. मग दुसऱ्या हाताच्या तर्जनीवर पहिल्या पेरापासनं टोकापर्यंत बारीक रेघ काढायची, ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. १० मिलिग्रॅमवालं असेल तर यात ५ मिलिग्रॅम सीबीडी आलं. अंगठ्याच्या मुळाशी, मागं-पुढं आणि वरनं, दोन-तीन मिनिटं हळूहळू गोल चोळायचं, कळ निघेल इतका जोर नाही. नंतर लावलेला हात अर्धा तास तरी पाण्यात घालायचा नाही, म्हणून भाकऱ्या, भांडी सगळं आवरल्यावर झोपताना लावलेलं सगळ्यात सोयीचं. ज्या हातानं लावलं तो मात्र लगेच धुवा, डोळ्याला लागला तर कापूर आणि मेंथॉल भयंकर झोंबतात. सकाळी एकदा लावायचं असेल तर कामाला बसायच्या तासभर आधी लावा आणि बसताना हात परत धुवा.

गुडघ्याला एका वेळी दोन रेघा लागतात. दोन्ही गुडघे, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम, ५० ग्रॅमची डबी बारा दिवसात खलास. महिन्याला अडीच डब्या. हा हिशोब विकणारा सांगत नाही, म्हणून आधी घरीच मांडा आणि झेपत नसेल तर फक्त जास्त दुखणाऱ्या गुडघ्याला लावा. गुडघ्यावर वाटीच्या दोन्ही बाजूंना आणि वाटीच्या खाली लावायचं, मागच्या खळग्यात रगडायचं नाही.

लावल्यावर गरम पाण्याची पिशवी, हिटिंग पॅड, घट्ट क्रेप बँडेज यातलं काहीच त्याच्यावर नको, मेंथॉल आणि गंधपुरावर शेक दिला की भाजल्यासारखे फोड येतात. शेक घ्यायचाच असेल तर आधी घ्या, कातडी गार होऊ द्या, मग लावा.

वहीत लिहिल्याशिवाय कळत नाही

हे लोक करत नाहीत आणि म्हणूनच पैसे जातात. कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहा, लावायच्या आधी दुखणं दहापैकी किती आणि लावल्यावर तासाभरानं किती. त्याशिवाय रोजचं एकच काम ठरवा, म्हणजे डब्याचं झाकण उघडणं, जिना उतरणं, सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर मारणं, आणि ते जमलं का एवढंच लिहा. पहिला आठवडा काहीही न लावता नुसतं लिहायचं. मग तीन-चार आठवडे लावून लिहायचं. सरासरी दोन आकड्यांनी तरी खाली आली आणि ते काम सोपं झालं तर तुम्हाला उपयोग होतोय. सात होतं ते साडेसहा झालं, याला उपयोग म्हणत नाहीत. आणि या काळात दुसरा कुठला नवीन लेप, गोळी, मालिश सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा ते समजणारच नाही.

स्नायूंच्या दुखण्यात जरा जास्त सावध राहा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मिरवणुकीचे उंच, जड नंदीध्वज पेलणाऱ्या पोरांचे खांदे-कंबर भरून येतात, जिमला नवीन गेलेल्यांच्या मांड्या धरतात, ते दुखणं काहीही न लावता दोन-चार दिवसात आपोआप उतरतं, त्याचं श्रेय बामला देऊन महागडी डबी घरात ठेवू नका. तिथं झोप, पाणी आणि हलकी हालचाल पुरते. स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट, उत्तेजकांच्या यादीतनं सीबीडी २०१८ पासून काढलंय पण टीएचसीला स्पर्धेच्या काळात अजून बंदी आहे, त्यामुळं लॅब रिपोर्ट नसलेलं काहीच अंगाला लावू नका.

बाम बाजूला ठेवून डॉक्टर कधी

सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल आणि ताप असेल तर त्याच दिवशी. पडल्यानंतर पाय टेकवतच नसेल तर. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहतात आणि दोन्ही हातांना सारखंच होतं, तर आमवाताची तपासणी करून घ्या, त्याची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाकडे होणं टळतं, बाम लावत बसून ते महिने वाया घालवायचे नसतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय तर चोळायचं अजिबात नाही, आत गुठळी असू शकते. आणि डावा खांदा, हात, जबडा दुखून घाम फुटला तर कसला बाम अन् कसलं तेल, तडक सिव्हिल किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

गुडघा आणि हाताच्या झिजेच्या संधिवातावर डायक्लोफेनॅक जेलचा पुरावा सीबीडीपेक्षा कितीतरी पक्का आहे आणि ते स्वस्तही आहे, त्यामुळं ज्यांनी ते अजून नीट वापरलंच नाही त्यांनी डॉक्टरला आधी त्याचं विचारावं. गुडघ्याला मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा, हे सीबीडी लावलं तरी चालूच ठेवायचं.

शेवटी डबी ठेवायची कुठं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, पत्र्याच्या घरात तर विचारूच नका, बाम वितळून तेल वर येतं आणि उष्णता-उजेडानं सीबीडी हळूहळू उतरतं. ऑनलाइन मागवलं तर पार्सल संध्याकाळी घ्या, फ्रिज असेल तर फ्रिजच्या दारात ठेवा, नसेल तर माठाजवळ गार कोपऱ्यात झाकण घट्ट लावून. लहान पोरांच्या हाताला लागेल असं नको, कापूर पोटात गेला तर लेकरांना फिट येऊ शकते. डबी उघडल्याची तारीख झाकणावर पेनानं लिहून टाका.