जुना सात नंबर पाहायचा असेल तर असं निघा

आमच्या नागपुरात थोडं वय झालेला माणूस हायवेला एनएच 44 म्हणतच नाही, तो सात नंबरच म्हणतो. वाराणसी ते कन्याकुमारी, 2,369 किमी, तो एनएच 7. 2010 मधे नंबर बदलले अन् आपला तुकडा श्रीनगर-कन्याकुमारी 44 मधे गेला, 3,745 किमी, देशातला सगळ्यात लांब. नवे नंबर लक्षात ठेवायची ट्रिक सोपी आहे, सम नंबर म्हणजे उत्तर-दक्षिण, विषम म्हणजे पूर्व-पश्चिम, म्हणून आपला जुना सहा नंबर, तो सुरत-कोलकात्याचा, आपल्याकडं आता 53.

तर सकाळी तर्री पोहे हाणा अन् आधी झिरो माइलच्या दगडी खांबापाशी जा. तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांसोबत सेल्फी काढून लोक निघून जातात, तसं करू नका भाऊ, खांबावरचं वाचा. 1907 चा आहे तो, जमीन मोजणाऱ्या सर्व्हेवाल्यांचा, समुद्रसपाटीपासून उंची 1020.171 फूट, म्हणजे दशांशाचे तीन आकडे, काय हौस म्हणावी! खाली गावांची अंतरं आहेत, सगळी मैलांत. सिवनी 79, जबलपूर 170. 1.61 ने गुणा, सिवनी साधारण 127 किमी येते. इथंच गाडीचं ट्रिप मीटर शून्य करा, मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विसरलो अन् कन्हानला आठवलं, सगळा हिशोब बोंबलला.

आणखी एक, रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, गाव अशी वर्गवारी जिथं ठरली ती 1943 ची चीफ इंजिनिअर लोकांची परिषद नागपुरातच झाली, म्हणून तिला नागपूर प्लॅन म्हणतात. आपल्याकडं हे शाळेत कोणी सांगितलं नाही याचा मला अजून राग आहे.

मग एलआयसी चौकातून कामठी रोड पकडा. बायपासनं जाऊ नका, नवा हायवे तिकडून जातो पण जुना सात नंबर हाच, डोक्यावर उड्डाणपूल, त्याच्यावर मेट्रो. कामठी 1821 ची छावणी, पुढं कन्हान, मग मनसर, तिथून रामटेकचा फाटा. रस्त्याकडेच्या दगडांकडे बघत चला, डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्याचा.

देवलापारच्या पुढं पेंचचं जंगल लागते, अन् रस्ता मधेच उचललेला दिसते, बाजूला उंच भिंती. खालून वाघ-हरणं जावीत म्हणून केलेले पूल आहेत ते, महाराष्ट्राच्या हद्दीत असे एकूण नऊ, सगळ्यात लांब 750 मीटरचा, भिंती गाड्यांचा आवाज अन् लाइट अडवायला. वर गाडी थांबवून खाली वाकून वाघ शोधू नका, मागनं ट्रक येत असतात. खवासाला मध्य प्रदेशच्या सीमेवर चहा घ्या अन् उन्हं उतरायच्या आत परत फिरा, अंधार पडला की समोरच्या ट्रकचे हेडलाइट सरळ डोळ्यात जातात.