पिल्लाला दात येताना काय करावं, काय टाळावं

चपलेचा पट्टा, सोफ्याचा कोपरा, चार्जरची वायर, नाहीतर तुमचा अंगठा. कुत्र्याच्या चार महिन्यांच्या पिल्लाला यातलं काहीही चालतं. हिरड्या ठणकत असतात आणि काहीतरी चावलं की त्याला बरं वाटतं. त्यामुळे ओरडून उपयोग नाही. चावणं बंद करण्याच्या नादी न लागता काय चावायचं तेवढं आपण ठरवायचं.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं तोंड बोळकं असतं. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात, ते एकूण २८. तीन-चार महिन्यांचं झालं की आधी पुढचे पटाशीचे दात पडतात, पुढे पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास सुळे. सातव्या महिन्यापर्यंत बहुतेक पिल्लांचे ४२ पक्के दात येतात. पडलेले दात घरात फारसे सापडत नाहीत, कारण पिल्लू ते खाता-खेळताना गिळून टाकतं. त्याने काही बिघडत नाही.

१. तोंड बघायची सवय लावा. पिल्लू खेळून दमलं की वरचा ओठ एका बाजूने हलकेच उचला, दोन सेकंद बघा, सोडा आणि लगेच खाऊ द्या. मग दुसरी बाजू. आठवड्यातून एकदा पुरे. लालसर हिरड्या, हलणारा दात, जास्तीची लाळ, खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग हे सगळं या वयात चालायचंच.

२. हिरड्यांना गारवा द्या. स्वच्छ सुती फडकं ओलं करून पिळा, पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोठल्यावर चघळायला द्या. मऊ पडलं की काढून घ्या, नाहीतर ते फाडून गिळलं जातं. रबरी खेळणं फ्रीजमध्ये गार करूनही चालतं. जाड, गार गाजरही पिल्लांना आवडतं, पण मोठा तुकडा मोडला तर तो उचलायला तुम्ही समोर हवं.

३. खेळणं नखाने तपासा. अंगठ्याचं नख जोरात दाबल्यावर खेळण्यावर खळगा पडला पाहिजे. हाडं, शिंगं, खूर या परीक्षेत नापास होतात आणि त्यांनी दात तडकतो. दुधाचा दात तुटला तरी दुर्लक्ष करू नका, कारण तिथून झालेला संसर्ग खालच्या पक्क्या दातापर्यंत जाऊ शकतो. दोऱ्यांच्या खेळण्याचे धागे सुटायला लागले की ते फेकून द्या. गिळलेला धागा आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशनची वेळ येते. आणि जुनी चप्पल खेळायला मुळीच नको. जुनी कुठली आणि नवी कुठली, हे पिल्लाला कुठून कळणार?

४. हात चावला तर झटकू नका. झटकलेला हात पिल्लाला खेळच वाटतो. हात जागच्या जागी ठेवा, खेळणं पुढे करा. तरी ऐकत नसेल तर उठून मिनिटभर दूर जा. नाकावर चापट मारल्याने पिल्लू फक्त हाताला घाबरायला शिकतं. फारच चेकाळलेलं पिल्लू पुष्कळदा झोपेला आलेलं असतं, त्याला शांत जागी झोपवा.

५. जेवण मऊ करा. कोरडं खाणं कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून द्या. ओढाओढीचा खेळ या दिवसांत अगदी हलका ठेवा. वायरी उचलून ठेवा, हे सांगायला नकोच.

६. स्वतः औषध देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरू शकतात. बाळांच्या हिरड्यांना लावायची बधिर करणारी जेलही नको.

७. सुळ्यांवर डोळा ठेवा. पक्का सुळा वर आला तरी दुधाचा पडला नाही, तर एकाच जागी दोन सुळे दिसतात. छोट्या जातींमध्ये हे बरंच आढळतं. वरच्या जबड्यात नवा सुळा जुन्याच्या पुढे येतो, खालच्या जबड्यात आतल्या बाजूने. खालचा असा आतच राहिला तर तो टाळूला टोचू लागतो. शिवाय दोन दातांच्या फटीत अन्न अडकून हिरड्या बिघडतात. अशी जोडी दिसली की वाट न बघता पशुवैद्याला दाखवा. घरी ओढून काढायला जाऊ नका. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि बारीक असतं, ते आतच मोडतं.

उलट्या, जुलाब, ताप किंवा दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, यांचं खापर दातांवर फोडू नका. पार्व्होसारखे (उलट्या-जुलाब होणारा जीवघेणा विषाणूजन्य रोग) आजारही याच वयात गाठतात, तेव्हा त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा.