कोकणातल्या घरांतले चांदीचे रुपये : शोध आणि पारख

कोकणात जुना चांदीचा रुपया पाहण्यासाठी नाण्यांच्या प्रदर्शनापर्यंत जावे लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात, देव्हाऱ्यातल्या डबीत किंवा आजीच्या फडताळात ‘राणी छाप’ रुपया अजूनही निघतो. म्हणून नवख्या संग्राहकाने सुरुवात नातलगांपासून करावी आणि सराफाकडे नंतर जावे. सराफ अशी नाणी पुष्कळदा मोडीच्या भावाने घेऊन आटवतो. आटवण्यापूर्वी ती एकदा पाहू देण्याची विनंती त्याला करून ठेवावी.

पारख वजनापासून सुरू होते. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे ठरीव वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के असे. आपला तोळा म्हणजे याच रुपयाचे वजन होय. हाताळणीने थोडी झीज होणे स्वाभाविक आहे, परंतु ठळक फरक आढळल्यास संशय घ्यावा. वजन जुळले तरी पाण्याची कसोटी घ्यावी. डिजिटल काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला किंवा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावे. अस्सल रुपयाने काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो, तर तेवढ्याच वजनाचे मुलामा दिलेले पितळी नाणे १.३ च्या पुढे जाते. १९४० ते १९४५ या काळातल्या रुपयांत चांदी निम्मीच असल्याने त्यांना हा आकडा लावू नये. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, आणि तरीही तो चांदीचा म्हणून अनेक घरांत जपलेला असतो.

व्हिक्टोरियाचे १८४०, १८६२ आणि १८७७ नंतरचे, सातव्या एडवर्डचे आणि पाचव्या जॉर्जचे १९१२ ते १९२० चे रुपये मुबलक मिळतात. त्यांना चांदीपेक्षा फार अधिक किंमत देण्याचे कारण नाही, अर्थात नाणे अप्रतिम अवस्थेत असल्यास गोष्ट वेगळी. १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाल्याने ते चलनातून काढून घेतले गेले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट करण्यात आली. सर्वांत दुर्मीळ १९३९ चा; त्याची बनावटही तितकीच होते, त्यामुळे जाणकाराला दाखवल्याशिवाय तो घेऊ नये.

दर्जा ठरवताना नाणे तिरप्या उजेडात धरून उंचवट्यांकडे पाहावे, कारण झीज तेथेच आधी दिसते: राणीच्या कानाजवळचे केस, जॉर्जच्या मुकुटावरची रत्ने. आमच्याकडे मात्र झिजेपेक्षा मोठा शत्रू स्वच्छतेची हौस आहे. दिवाळीच्या आधी आमसुलाने आणि रांगोळीने घासलेला रुपया चकचकीत दिसतो, पण त्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे असते आणि टांकसाळीतली मूळ झळाळी कायमची गेलेली असते. सारखा पसरलेला काळसर थर असलेले नाणे अशा चकचकीत नाण्यापेक्षा केव्हाही सरस. माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेली किंवा भोक पाडलेली नाणी संग्रहाच्या दृष्टीने मोडीतच धरावीत.

कायद्याच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाया खणताना पुरलेली नाणी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, म्हणून आखातातल्या भावाला भेट म्हणून ते पाठवता येत नाही.

खाऱ्या, दमट हवेत चांदी लवकर काळवंडते. नाणे कडेने धरावे, पीव्हीसीच्या मऊ पिशवीत वा रबराच्या बंधात ठेवू नये, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे. पावसाळ्यात ती पुडी दर महिन्याला बदलावी.